नित्यनेमाचा राजा : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

संकल्प करणे सोपे, तो पाळणे कठीण, हा अनुभव प्रत्येक संसारी माणसाला आहे. त्यातही व्यायामाच्या संकल्पाइतका अल्पायुषी संकल्प दुसरा नसेल. वर्षप्रतिपदेच्या शुभमुहूर्तावर माणूस पहाटे उठतो, चार दिवस उत्साहाने हातपाय हलवितो, आठव्या दिवशी घरी पाहुणे येतात, पंधराव्या दिवशी लग्नकार्य निघते, आणि महिना संपण्यापूर्वी सर्व काही पूर्ववत होते. पूर्वी मुद्गलांची जोडी माळ्यावर जाऊन पडत असे; आता व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी भरलेली असते आणि तिची पावती तेवढी कपाटात जपून ठेवलेली असते. यास आळस हे एक कारण आहेच. पण आमच्या मते त्याहून मोठे कारण असे की, आपण केलेल्या वा न केलेल्या व्यायामाचा हिशेब आपण ठेवीत नाही आणि तो मागणारेही कोणी नसते. ज्या दुकानात वही नाही, त्या दुकानाची जी गत, तीच या संकल्पाची.

स्वतःच्या शरीराचा असा हिशेब चाळीसहून अधिक वर्षे ठेवणारे, आणि तो आपल्या कुटुंबासमोर व प्रजेसमोर उघडा ठेवणारे एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचे चरित्र स्मरणिकेच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न आम्ही करीत आहोत.

कुल आणि बालपण

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध हे लहानसे गाव आहे. गावालगतच्या डोंगरावर श्रीयमाईदेवीचे स्थान असून ही देवी पंतप्रतिनिधी घराण्याची कुलस्वामिनी होय. छत्रपती राजाराम महाराजांच्या अत्यंत बिकट काळात प्रतिनिधिपद निर्माण झाले, आणि परशुराम त्रिंबक यांच्या पराक्रमामुळे ते पुढे या घराण्यात स्थिरावले. इंग्रजी अमदानीत या घराण्याकडे जे संस्थान उरले, ते अगदीच लहान. त्यातही त्याचे मुलूख सलग नसून तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. तोफांच्या सलामीचा मानही औंधच्या राजास नव्हता. अशा छोट्या गादीच्या राजाचे नाव सातासमुद्रापलीकडे गेले ते सैन्यामुळे नव्हे, खजिन्यामुळे नव्हे, तर एका साध्या व्यायामामुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. श्रीनिवासराव पंतप्रतिनिधींचे हे पुत्र. त्यांचे शिक्षण सातारा व पुणे येथे होऊन त्यांनी बी. ए. ही पदवी संपादन केली. राजपुत्राने पदवी परीक्षेपर्यंत विद्याभ्यास करावा ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. त्यांस चित्रकलेचा नाद होता, कीर्तनाची आवड होती, संस्कृत ग्रंथांवर भक्ती होती. ते थोरले पुत्र नसल्याने गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांनी ठेवण्याचे कारण नव्हते.

सँडोचे शिष्यत्व

त्या काळात युजेन सँडो या जगप्रसिद्ध शरीरसाधकाचे नाव साऱ्या जगात दुमदुमत होते. त्याचे पिळदार देहाचे छायाचित्र, त्याची पुस्तके, त्याचे डंबेल्स व ताणण्याची साधने यांचे वेड हिंदुस्थानातील तरुणांनाही लागले होते. पुढे १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतः हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. बाळासाहेबांनी मात्र त्यापूर्वीच, म्हणजे १८९७ मध्ये, सँडोची पुस्तके व साधने विकत आणविली आणि त्याच्या पद्धतीने व्यायामास प्रारंभ केला. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. साधने विकत आणणारे त्या काळी पुष्कळ होते व आजही आहेत. परंतु बाळासाहेबांनी ती पद्धती महिनाभर करून सोडली नाही. सुमारे दहा वर्षे ती निष्ठेने चालविली. एखाद्या गोष्टीचा गुणदोष पारखावयाचा तर तिला पुरेसा काळ द्यावा लागतो, हे त्यांस उमगले होते. महिन्याकाठी नवी पद्धती धरणारा व सोडणारा मनुष्य कोणत्याच पद्धतीचा निवाडा करू शकत नाही.

सूर्यनमस्कारांची दीक्षा

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने बाळासाहेब सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कारांची परंपरा महाराष्ट्रास नवी नव्हती. श्रीसमर्थ रामदासस्वामी नित्य बाराशे नमस्कार घालीत अशी आख्यायिका आपणा सर्वांच्या कानावर आहे. मठांतून, तालमींतून, देवघरांतून नमस्कार चालूच होते. पण कोणी ते व्रत म्हणून घाली, कोणी नवस म्हणून, कोणी जोर-बैठकांची जोड म्हणून. बाळासाहेबांनी त्यास शास्त्रशुद्ध व सर्वांस करता येईल असे रूप दिले. एका नमस्काराच्या दहा अवस्था त्यांनी निश्चित केल्या. प्रत्येक अवस्थेत हात कोठे, गुडघे कसे, श्वास घ्यावयाचा की सोडावयाचा, हे बारकाईने ठरविले. कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे व दोन्ही पावलांची बोटे अशी आठ अंगे भूमीस टेकावीत, पोट मात्र टेकू नये, हा नियम तर औंधच्या पद्धतीत वाढलेल्या मुलांच्या अंगवळणी पडून गेला होता.

या व्यायामास साधन म्हणाल तर काही लागत नाही. अंगाएवढी जागा आणि एक सतरंजी पुरे. त्यामुळे प्रवासात आहे, पाऊस पडतो आहे, साधन मोडले आहे, या सबबींना वावच उरला नाही. आणि सबबींना वाव न ठेवणे हे सातत्याचे पहिले रहस्य होय.

दुसरे रहस्य गणतीचे. मित्र, रवि, सूर्य, भानू यांपासून भास्करापर्यंत सूर्याची बारा नावे क्रमाने उच्चारीत नमस्कार घालावयाचे, म्हणजे श्वासासही लय मिळते आणि संख्याही आपोआप मोजली जाते. भक्ताच्या दृष्टीने तो मंत्र आहे. पण शिक्षकाच्या दृष्टीने पाहिल्यास तो उत्तम हिशेबनीसही आहे. अंदाजाने थोडा व्यायाम केला असे म्हणणारा मनुष्य उद्या त्याहून थोडा कमी करतो व परवा मुळीच करीत नाही. आज बारा घातले, इतकेच घातले, असे म्हणणाऱ्यास उद्या अकरा घालताना मनास टोचणी लागते. आमच्या दीर्घ शिक्षकी पेशात आम्ही हाच अनुभव घेतला : पाढे म्हणणे असो वा कवायत असो, मुलाला आपली कालची संख्या ठाऊक असली म्हणजे तो आज आपल्याच पाठीमागे लागतो. वेगळा चाबूक लागत नाही.

गादीवर आल्यानंतर

वडिलांच्या मागे थोरले बंधू गादीवर आले व त्यांच्या पश्चात घराण्यात काही अप्रिय घडामोडी होऊन ४ नोव्हेंबर १९०९ रोजी औंधचा राज्यकारभार बाळासाहेबांकडे आला. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. राजा झाल्यावर व्यायाम सुटावा हा जगाचा नेम. मेजवान्या वाढतात, जागरणे वाढतात, खुशामत वाढते, आणि देह सुटतो तरी तो राजबिंडा दिसतो असे सांगणारे चार लोक भोवती असतातच. बाळासाहेबांच्या बाबतीत उलट घडले. राज्य हाती आल्यावर त्यांचा नमस्कारांचा नेम अधिकच दृढ झाला.

याचे कारण आम्हांस असे दिसते की, त्यांनी आपला नेम खाजगी ठेवला नाही. राणीसाहेब नमस्कार घालू लागल्या, मुले घालू लागली. पुढे राजदूत म्हणून कीर्ती मिळविलेले त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनीही हा नेम आत्मसात करून त्यावर पुस्तक लिहिले. संस्थानातील शाळांतून मुलामुलींस सूर्यनमस्कार आवश्यक करण्यात आले. मुलींनीही नमस्कार घालावेत, स्त्रीशरीरही बलवान व्हावे, हा आग्रह त्या काळी धाडसाचा होता. दौऱ्यावर वा व्याख्यानास गेले असता राजेसाहेब नुसता उपदेश करून थांबत नसत. स्वतः नमस्कार घालून दाखवीत.

आता विचार करावा. ज्याने साऱ्या शाळांतील मुलांस नमस्कार घालावयास लावले, त्याने स्वतः एक दिवस कसा चुकवावा? चुकविला, तर कोणत्या तोंडाने मुलांपुढे उभे राहावे? दुसऱ्यास घालून दिलेला नियम पहिल्याने आपणांस बांधतो. निदान सज्जनास तरी बांधतो. मुलांवर राजेसाहेबांची देखरेख होती हे खरे, पण राजेसाहेबांवर मुलांची देखरेख होती हेही तितकेच खरे. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या सातत्याचे तिसरे आणि सर्वांत मोठे रहस्य ते हेच.

सक्तीविषयी आमचे मत येथे नमूद करणे इष्ट वाटते. राजाज्ञेने घातलेला नमस्कार मनास रुचेलच असे नाही. आज्ञा गेली की नेमही जातो, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. जो नेम टिकतो तो आज्ञेने टिकत नसून वडील माणसाच्या आचरणाने टिकतो. बाळासाहेबांच्या आज्ञेपेक्षा त्यांचे उदाहरण थोर होते, म्हणूनच आज्ञा करणारा राजा गेल्यावरही उदाहरण उरले आहे.

ग्रंथ आणि परदेशगमन

आपला अनुभव लोकांस कळावा म्हणून बाळासाहेबांनी सूर्यनमस्कारांवर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९३६ मध्ये ते विलायतेस गेले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. त्या वयातील त्यांचे चापल्य पाहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंस मोठे कुतूहल वाटले, आणि त्यांच्या संपादनाने १९३८ मध्ये लंडन येथे बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आज जगभर योगवर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात. त्यांच्या प्रसारास अनेकांचे हातभार लागले आहेत. तथापि त्या प्रसाराच्या आरंभकाळी औंधच्या या राजाने जे कष्ट घेतले त्यांची थोरवी अभ्यासकही मान्य करतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नमस्कारांनी बहुतेक सर्व व्याधी टळतात, असा बाळासाहेबांचा दृढ विश्वास होता. आजच्या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. नियमित व्यायामाने हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब इत्यादींचा धोका कमी होतो, हे आता सर्वमान्य आहे. पण व्यायाम म्हणजे औषध व वैद्य यांस पर्याय नव्हे. श्रद्धेच्या भरात केलेला अतिरेक बाजूस ठेवूनही बाळासाहेबांच्या नेमाचे मोल रतीभर कमी होत नाही.

हाच नेम इतर कार्यांत

शरीराला लागलेली शिस्त मनास व कार्यास लागल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून बाळासाहेबांनी एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले, आणि त्या आवृत्तीसाठी स्वहस्ते चित्रेही काढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावातून उठविण्याची वेळ आली, तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळ त्यांस जागा दिली व द्रव्याचेही साहाय्य केले. त्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदमूर्ती सातवळेकर यांनी आपल्या स्वाध्याय मंडळाचे कार्य अनेक वर्षे औंधासच राहून केले. स्वतः जमविलेल्या चित्र-शिल्पांचे श्रीभवानी संग्रहालय बाळासाहेबांनी १९३८ मध्ये स्थापिले. ते औंधच्या डोंगरावर आजही पाहावयास मिळते. ज्यांनी ते अद्याप पाहिले नसेल, त्यांनी सहकुटुंब पाहून यावे.

हिशेब देणारा राजा

परंतु बाळासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना निराळीच आहे. १९३८ च्या अखेरीस, वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, आपण प्रजेस पूर्ण स्वराज्य देत आहोत, अशी घोषणा त्यांनी केली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांनी व अप्पासाहेब पंतांनी या कामी परिश्रम केले. महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले. आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अंमलात आली. ग्रामपंचायतीच्या पायावर तालुका व संस्थानचा कारभार उभारावयाचा, राजाने प्रजेचा पहिला सेवक म्हणून राहावयाचे, आणि राजाच्या खाजगी खर्चासही मर्यादा, अशी ती योजना होती. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंदिवानांची भिंतीविना वसाहत वसविण्यात आली. पहारा कमी करून माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा तो प्रयोग होता.

या पद्धतीस आपण जबाबदार राज्यपद्धती म्हणतो. जबाबदार म्हणजे जाब देणारा. ज्याच्या हाती सर्व सत्ता होती, ज्यास जाब विचारण्याची कोणाची छाती नव्हती, त्याने आपण होऊन जाब विचारणारे निर्माण केले. आम्हांस असे वाटते की, ही बुद्धी त्यांस एकाएकी सुचली नसावी. जो मनुष्य तीस वर्षे रोज पहाटे स्वतःच्या देहापुढे हिशेब मांडीत आला, आणि तो हिशेब बायकामुलांपुढे व शाळकरी पोरांपुढे उघडा ठेवीत आला, त्यास राज्याचा हिशेब प्रजेपुढे ठेवण्यात कमीपणा कसा वाटावा? मोठे त्याग लहान नेमांच्या पोटी जन्मास येतात.

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेबांनी देह ठेवला. राज्य आले आणि गेले; सँडोची साधने आली आणि गेली; नमस्कार मात्र शेवटपर्यंत त्यांच्या नावाशी जोडलेले राहिले.

आपण काय घ्यावे

चरित्र वाचून मान डोलविणे व स्मरणिका मिटून ठेवणे, एवढ्याने चरित्रलेखनाचे सार्थक होत नाही. म्हणून आमच्या वाचक कुटुंबांस काही सूचना नम्रपणे करतो.

प्रथम असे की, आरंभ लहान असावा. शेकडा नमस्कारांची प्रतिज्ञा करून चौथ्या दिवशी अंग धरून बसण्यापेक्षा रोज पाच घालावेत आणि महिन्याने बारा करावेत. ज्यांस रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे वा गुडघ्यांचे दुखणे आहे, तसेच ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नमस्कार जमत नसतील तर चालावे, पोहावे, सायकल चालवावी. नेम महत्त्वाचा, प्रकार गौण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचविली आहे. प्रौढांनी रोज अर्धा तास काढला तर आठवड्याचे पाच दिवसही पुरतात.

दुसरे असे की, वेळ ठरलेली असावी व ती घरात सर्वांस ठाऊक असावी. जे सवडीने करावयाचे ते कधीच होत नाही.

तिसरे, लेखी हिशेब. देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच. दुधाची खूण आपण तीवर करतो, गॅसची तारीख लिहितो; तेथेच प्रत्येकाने आपली त्या दिवसाची संख्या लिहावी. आजोबांची, सुनेची, नातवाची, सर्वांची एकाच ठिकाणी. रिकामी चौकट दिसली की आजोबांनी नातवास विचारावे, आणि नातवानेही आजोबांस विचारावे. नातवाच्या प्रश्नाचा राग मानू नये. औंधच्या राजास साऱ्या शाळेचे डोळे चालले, तर आपणांस घरच्या दोन डोळ्यांची अडचण का वाटावी?

चौथे, खंड पडला तर खेद करीत बसू नये व दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याचा हट्टही धरू नये. आजारपण, प्रवास, सुतक, परीक्षा यांमुळे खंड पडणारच. ती चौकट रिकामीच ठेवावी, खोटा आकडा लिहू नये, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची संख्या पुरी करावी. रिकामी चौकट म्हणजे पराभव नव्हे. खोटा आकडा मात्र पराभव होय.

शेवटचे असे की, घरातील वडील माणसाने स्वतः आरंभ करावा. मुले दिवसभर मोबाइल घेऊन बसतात अशी तक्रार घरोघर ऐकू येते. ती तक्रार करणारे आपणही बहुधा आरामखुर्चीतच बसलेले असतो. मुलांनी जे करावे असे वाटते ते त्यांच्या देखत आपण करावे, हाच बाळासाहेबांच्या शिकवणीचा गाभा आहे.

पुढील वर्षीच्या मेळाव्यात आपल्या समाजातील काही कुटुंबे वर्षभराच्या अशा बारा पानांसह उपस्थित राहतील, अशी आशा आम्ही करतो. त्यांतील चौकटी कितीही रिकाम्या असोत, ती पाने पाहण्यास आम्हांस मनापासून आनंद वाटेल. श्रीयमाईच्या डोंगराखाली एका राजाने जे केले, ते करावयास राज्य लागत नाही, द्रव्य लागत नाही. अंगाएवढी जागा लागते, आणि उद्या पहाटे उठावे लागते.